तळ्याची विरळणी

नंदुरबार म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला आठवते ती मिरची. मलाही त्यापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. गेल्या होळीनंतर मात्र मी त्या जिल्ह्यात गेलो तो चक्क मासे पाहायला! मराठीच्या प्राध्यापकाचा माशाशी संबंध तो किती? ताटातल्यापुरता, आणि आमच्या घरी तर तेवढाही नाही. पण वर्गातला एक पावरा विद्यार्थी आठवडाभर गप्प गप्प होता. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "सर, आमचे मासे आजारी पडलेत. पैसे बुडाले तर कॉलेज सोडून सुरतेकडे मजुरीला जावे लागेल."

नंदुरबारहून निघालो. प्रकाशाला तापी ओलांडली, केदारेश्वराला बसमधूनच हात जोडले आणि तळोद्याकडे वळलो. उजव्या हाताला सातपुडा उन्हात धुरकट दिसत होता. त्याच्या पायथ्याशी मुलाची वसाहत. मूळ गाव पलीकडे नर्मदेच्या काठी. १९९० नंतरच्या दशकात सरदार सरोवराचे पाणी चढू लागले. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावे त्याच्या तडाख्यात आली, आणि त्यांतली कितीतरी माणसे डोंगर उतरून या सपाटीवर वसली. २०१७ साली धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीला पोहोचले. तोवर या घराला इकडे येऊन बरीच वर्षे झाली होती.

वसाहतीमागे अर्ध्या हेक्टरचे एक तळे. मुलाने पावसाळ्यात उसनवारी करून रोहू, कटला आणि मृगळ यांची दहा हजार बोटुकली त्यात सोडली होती. आठ महिन्यांत मासा अर्ध्या किलोच्या पुढे जावा, तर इथे शंभर ग्रॅमही भरेना. बाजारातल्या व्यापाऱ्याने "रोगट माल" म्हणून टोपली परत केली. एकाने तर पाण्यात ओतायला औषधाची बाटलीही विकली होती. ती अजून फोडलेली नव्हती, हे नशीब!

मुलाचे आजोबा काठावर बसले होते. त्यांनी एक मासा उचलून माझ्यासमोर धरला.

"बघ मास्तर, कल्ले लाल आहेत. खवले घट्ट. अंगावर जखम नाही. पण डोके केवढे आणि शेपटीकडे अंग केवढे! हा आजारी नाही, उपाशी आहे."

मग त्यांनी मलाच विचारले, "जोंधळा दाट उगवला तर काय करतोस?"

मी गप्प. शेवटी त्यांनीच उत्तर दिले, "विरळणी!"

मी थक्क झालो. घरी येऊन वाचले तेव्हा कळले, की अमेरिकेत बास नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचीही हीच तक्रार असते. तळ्यात तोंडे फार आणि खाद्य थोडे झाले, की मासे जगतात पण वाढत नाहीत. वेज आणि अँडरसन या दोघा शास्त्रज्ञांनी १९७८ साली त्या माशासाठी एक मापच बसवले: या लांबीच्या सुदृढ माशाचे वजन इतके हवे, मग तुझे त्याच्या शेकडा किती? शंभराच्या आसपास असेल तर ठीक. फार खाली गेले, तर मासा खंगला म्हणायचे आणि तळ्याकडे पाहायचे. आजोबांचे माप त्यांच्या डोळ्यांत होते, इतकेच.

आमच्या तळ्यात आणखी एक पाहुणा शिरला होता: चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला; १९५२ साली भारतात आणला गेला. दोनतीन महिन्यांचा होतो न होतो तोच त्याला पिल्ले होऊ लागतात, आणि मादी अंडी तोंडात धरून जपते. अशा घरात लेकरांना तोटा कसला? एका जाळ्यात बोटाएवढ्या चिलाप्यांचा ढीग निघाला. हेक्टरी पाच हजार बोटुकली हा साधारण हिशोब. म्हणजे इथे अडीच हजार पुरे होती. मुलाने चौपट सोडली आणि वर ही बिनबोलावलेली पंगत!

त्या दिवशी दुपारपर्यंत जाळे ओढले. चिलापी तेवढी काढली, बाकीचेही निम्मे काढले. उरलेल्यांसाठी भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड आली. औषधाची बाटली मुलाने विकणाऱ्याला परत नेऊन दिली. पैसे मात्र मिळाले नाहीत.

संध्याकाळी आजोबा नर्मदेच्या महाशीर माशाविषयी सांगत होते. वाहत्या पाण्यातला, खडकाशी झुंजणारा मासा तो. आता पाणी थांबले आणि तोही दुर्मिळ झाला. "नदीत मोजावे लागत नव्हते," ते म्हणाले. "नदी आमची होती तेव्हा मासे तीच मोजायची. इथे तळे दिलेय, तर मोजायलाही आपणच शिकले पाहिजे." त्यांच्या बोलण्यात कुरकूर नव्हती. पण बोलून झाल्यावर ते बराच वेळ डोंगराकडे पाहत राहिले.

जुलैत मुलाने मोजून अडीच हजार बोटुकली सोडली. दसऱ्याला त्याचा फोन आला: "सर, कटला पाव किलोचा झाला! आणि फॉर्म भरला." कसला फॉर्म, हे मी विचारले नाही. परीक्षेच्या फॉर्मवर सही माझीच होती.