सव्वाचारशे फेऱ्या

वीस वर्षं मी बारावीच्या वर्गात वैश्विक किरणांचं, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचं, मूळ एका वाक्यात सांगत आलो: तारा फुटतो आणि त्याचे कण प्रचंड वेगानं चहूकडे फेकले जातात. वाक्य सुटसुटीत होतं, मुलांना पटायचं, मलाही पटलेलं होतं. आज ते मी मागे घेतो आहे. ज्यांना ते शिकवलं, त्यांचा मी देणेकरी आहे. म्हणून हे लिहिणं.

सुरुवात एका मुलीच्या प्रश्नानं झाली. "सर, चुंबकीय क्षेत्र कणाची दिशा बदलतं, पण त्यावर कार्य करत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. अवकाशातल्या प्लाझ्मात तर जिकडेतिकडे चुंबकीय क्षेत्र. मग कणांची ऊर्जा वाढते कशी?" मी म्हणालो, "स्फोटाची ऊर्जा असते ना!" ती खाली बसली. तिचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी पुढच्या गणिताकडे वळलो.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. फुटलेल्या ताऱ्याचं द्रव्य सेकंदाला साधारण १०,००० किलोमीटर वेगानं बाहेर पडतं. त्या वेगाच्या प्रोटॉनची ऊर्जा भरली जेमतेम ५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आपल्या आकाशगंगेत मात्र एकावर पंधरा शून्यं इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन फिरतात, म्हणजे २०० कोटी पट. शिवाय पसरणारा वायू थंड होत जातो. माझं वाक्य साध्या आकडेमोडीतही टिकत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ती आकडेमोड मी एकदाही केली नव्हती.

उत्तर १९४९ सालीच एन्रिको फर्मी यांनी दाखवलं होतं. चुंबकीय क्षेत्र वाहून नेणारे वायूचे ढग आकाशगंगेत इकडेतिकडे सरकत असतात. सरकत्या चुंबकीय क्षेत्रासोबत आपल्या दृष्टीनं विद्युत क्षेत्रही येतं आणि कणावर कार्य करतं ते हेच. बॅट स्थिर धरली तर चेंडूला जादा वेग मिळत नाही. पुढे येणारी बॅट तो देते. ढगाशी समोरून गाठ पडली की कण ऊर्जा मिळवतो, मागून पडली की गमावतो. समोरच्या गाठी थोड्या जास्त होतात, म्हणून सरासरीनं कमाईच होते. पण ती फार सावकाश.

१९७७-७८मध्ये गेर्मोगेन क्रिम्स्की, अँथनी बेल आणि आणखी दोन गटांनी स्वतंत्रपणे पुढची पायरी गाठली. स्फोटानं उठलेल्या आघात-तरंगाच्या एका बाजूला उभं राहिलं की दुसऱ्या बाजूचा वायू आपल्याकडेच येताना दिसतो, आणि बाजू बदलली तरी तेच. त्यामुळे तरंग ओलांडणाऱ्या कणाची प्रत्येक गाठ समोरूनच. चुंबकीय क्षेत्रातला खडबडीतपणा त्याला वळवतो, तो परततो, पुन्हा ओलांडतो. तरंगाचा वेग सेकंदाला १०,००० किलोमीटर धरला, तर फेरीमागे ऊर्जा सुमारे ३ टक्के वाढते आणि जवळजवळ तेवढेच कण कायमचे निसटतात. ऊर्जा दहा लाख पट व्हायला सुमारे सव्वाचारशे फेऱ्या लागतात, आणि तोवर टिकतो दहा-पंधरा लाखांत एखादा कण. जास्त ऊर्जेचे कण इतके विरळ का, हेही त्यातूनच उलगडतं. हा हिशेब जुळला तेव्हा मी किती तरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

म्हणजे तारा फुटतो हे खरंच, पण त्याचं काम तरंग उठवण्यापुरतं. कण ऊर्जा कमावतात ती येरझाऱ्यांत. १००६ साली पृथ्वीवरून दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषाची कडा अतिवेगवान इलेक्ट्रॉनांमुळे क्ष-किरणांत उजळलेली आहे, हे जपानच्या 'आस्का' उपग्रहानं १९९५मध्ये दाखवलं. २०१३मध्ये फर्मींच्याच नावाच्या दुर्बिणीला दोन अवशेषांत वेगवान प्रोटॉनांची खूण सापडली.

मग मी हेच नवं सूत्र सगळीकडे लावू लागलो, आणि तिथे व्हॉयेजर या अवकाशयानानं मला थांबवलं. दूरच्या अवकाशातले उदासीन अणू सूर्यमालेत शिरतात, आयनित होऊन सौरवाऱ्याबरोबर बाहेर वाहत जातात आणि तो वारा जिथे एकदम मंदावतो त्या सीमेवरच्या आघातात वेग घेतात, असं मानलं जाई. अशा कमी ऊर्जेच्या वैश्विक किरणांवरचा विद्युतभार मोजण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं 'अनुराधा' हे उपकरण १९८५मध्ये चॅलेंजर यानातून गेलं होतं. डिसेंबर २००४मध्ये व्हॉयेजर-१नं ती सीमा ओलांडली, सूर्य-पृथ्वी अंतराच्या ९४ पट दूर. तिथे या कणांचा कळस दिसेल ही अपेक्षा होती. तो दिसला नाही; पुढे जावं तशी त्यांची संख्या वाढतच गेली. काहींच्या मते ते सीमेच्या दूरच्या बगलांवर वेग घेतात. काहींच्या मते सीमेपलीकडे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना.

एका वाक्याच्या जागी दुसरं वाक्य पाठ करणं म्हणजे मत बदलणं नव्हे, हे मला त्या यानानं शिकवलं. आता हा भाग शिकवताना मी आधी त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहितो, मग मुलांकडून ५ लाखांचा आकडा काढून घेतो. तास संपतो तेव्हा फळ्यावर व्हॉयेजरचा आलेख असतो. तो मी पुसत नाही.