परिचयदात्याची सही

बँकेत नवे खाते उघडायचे झाले की एकेकाळी अर्जावर आधीच्या एखाद्या खातेदाराची सही लागत असे. त्याला परिचयदाता म्हणत. अर्जदार आपल्या माहितीतला आहे, एवढेच त्या सहीने सांगितले जाई. पण बाजारपेठेतील जाणती माणसे ती सही सहजासहजी करीत नसत. शेजारच्या गाळ्यातला माणूस अर्ज घेऊन आला तरी ‘उद्या पाहू’ म्हणत आणि मधल्या वेळात दोन ठिकाणी चौकशी करीत. दुसऱ्याला ओळख देताना आपले नावही पणाला लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नसे. पुढे केवायसीची कागदपत्रे आली आणि ही प्रथा मावळली.

प्रथा मावळली, परंतु ओळख देण्याचा प्रसंग मावळला नाही. तो आता घराघरांतील मोबाईलवर, दिवसातून अनेकदा येतो. मुले ऑनलाइन खेळ खेळत असतात. एका टप्प्यावर पडद्यावर पाटी येते: ‘मित्रांना बोलवा, पाचशे नाणी मिळवा.’ त्याखाली दुसरी पाटी येते: ‘आपले खाते जोडा.’ मग तिसरी: ‘संपर्कयादी पाहण्याची परवानगी द्या.’ मूल तिन्ही ठिकाणी ‘होय’ म्हणते, कारण नाणी हवी असतात आणि चुलत भाऊ वाट पाहत असतो. जुन्या परिचयदात्याला एका माणसाची ओळख देण्यासाठी दोन दिवस लागत; येथे आठशे माणसांची ओळख तीन सेकंदांत दिली जाते, आणि त्या आठशेंपैकी एकालाही कोणी विचारलेले नसते.

या तीन ‘होय’ एकच आहेत असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी आहे.

पहिली गोष्ट खाते जोडण्याची. खेळात फेसबुक किंवा गूगलच्या खात्याने प्रवेश केला म्हणजे खेळ चालविणाऱ्या कंपनीला त्या खात्यातील काही माहिती मिळते. ती बहुधा नाव, छायाचित्र, ईमेल आणि तोच खेळ खेळणाऱ्या मित्रांची यादी एवढी असते. कधी त्याहून अधिक मागितली जाते. टोपणनावाने खेळणारे मूल या जोडणीनंतर खऱ्या नावाने आणि चेहऱ्याने अनोळखी प्रतिस्पर्ध्यांसमोर दिसू लागण्याची शक्यता असते. दुसरी गोष्ट संपर्कयादीची. या परवानगीने फोनमधील नावे आणि क्रमांक, ज्या शब्दांत ते साठविले असतील त्याच शब्दांत, खेळाला वाचता येतात. तिसरी गोष्ट आमंत्रणाच्या दुव्याची. त्या दुव्यात बहुधा बोलावणाऱ्याचा एक सांकेतिक क्रमांक असतो. समोरच्याने तो उघडून खेळ घेतला की कोणी कोणाला आणले याची नोंद कंपनीच्या वहीत होते. बक्षिसाची नाणी त्याच नोंदीवर मिळतात. ती नाणी फुकट नसतात; ती ओळखीची दलाली असते.

खाते जोडण्यात काहीच लाभ नाही असे मात्र म्हणता येणार नाही. फोन हरवला किंवा बदलला तर जोडलेल्या खात्यामुळे खेळातील प्रगती टिकून राहते. २०२० च्या टाळेबंदीत, माणसे घरात अडकून पडली असताना, नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेल्या ‘लुडो किंग’सारख्या खेळांनी दूरदूरच्या मामा-मावशांना, आजी-नातवंडांना एका पटाभोवती बसविले. ते सुख खरे होते. लक्षात घेण्यासारखे हे की, त्या खेळात खासगी खोली उघडून तिचा संकेतांक घरच्यांना कळविला की डाव मांडता येतो. चार माणसांना एकत्र येण्यासाठी आठशे माणसांची यादी लागत नाही.

यादी हाती गेल्यावर काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१८ मध्ये जगासमोर आले. ते खेळाचे नव्हते, फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्वचाचणीचे होते; पण मांडणी तीच. केंब्रिज विद्यापीठातील एका संशोधकाने तयार केलेली ती चाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी आपली खाती जोडून दिली. त्या काळच्या फेसबुकच्या नियमांनुसार चाचणी देणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती घेता येत असे. ती माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेकडे पोहोचली आणि बाधित होऊ शकलेल्यांचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत असल्याचे फेसबुकने सांगितले. भारताचा आकडा हिशेबाची सवय असलेल्या कोणालाही थबकायला लावील असा आहे. भारतात ती चाचणी घेणारे होते अवघे ३३५. त्यांच्या मैत्रीमुळे ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, ते होते ५,६२,१२०. म्हणजे सरासरीने एकेका ‘होय’मागे सुमारे १,६७८ माणसे, ज्यांनी कधी ‘होय’ म्हटलेच नव्हते. मित्रांची माहिती अशी घेण्याची वाट फेसबुकने २०१४-१५ मध्ये बंद केली होती. पण गेलेली माहिती परत येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

कंपनीच्या मनात वाईट नसतानाही माहिती हवी त्याहून अधिक घेतली जाऊ शकते. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ आला तेव्हा आयफोनवर गूगल खात्याने प्रवेश करणाऱ्यांकडून त्या खात्याची संपूर्ण परवानगी मागितली जात होती. ती चुकून मागितली गेली, प्रत्यक्षात ओळखक्रमांक आणि ईमेल यांपलीकडे काही पाहिले नाही, असे कंपनीने जाहीर केले आणि दुरुस्ती केली. ज्यांनी परवानगी दिली त्यांपैकी बहुतेकांनी काय दिले हे वाचलेलेच नव्हते. कोऱ्या धनादेशावर सही करून देणाऱ्याने रक्कम कमी भरली गेली म्हणून समाधान मानावे, तसाच तो प्रकार होता.

इतक्या मोठ्या आकड्यांनी प्रश्न दूरचा वाटू लागतो. तो किती जवळचा आहे, हे पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी घडलेल्या गोष्टीवरून कळेल. तेथे दोन भावांची भुसार मालाची घाऊक पेढी आहे. दुकानाचा एक वेगळा मोबाईल आहे आणि त्यात गिऱ्हाईक, आडते, वाहतूकवाले, हमाल असे शेकडो क्रमांक आहेत. ओळख पटावी म्हणून नावापुढे खुणा घातलेल्या. कोणापुढे गावाचे नाव, कोणापुढे ‘रोखीने’, कोणापुढे ‘चेक परत’. उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या भावाचा पंधरा वर्षांचा मुलगा दुपारी दुकानात बसे. त्याने त्या फोनवर एक खेळ घेतला, नाण्यांसाठी संपर्कयादीची परवानगी दिली आणि ‘सर्वांना बोलवा’ या बटणावर बोट ठेवले. खेळाने प्रत्येकाला संदेश पाठविला, आणि संदेशाच्या आरंभी ज्याचे त्याचे नाव, फोनमध्ये जसे होते तसे.

त्यामुळे वीस वर्षांच्या एका गिऱ्हाइकाला, पेढीच्या क्रमांकावरून, आपल्या नावापुढे ‘चेक परत’ असे लिहिलेले खेळाचे आमंत्रण गेले.

त्या गिऱ्हाइकाचा धनादेश तीन वर्षांपूर्वी एकदा परत आला होता. आठवड्याच्या आत त्याने रोख रक्कम आणून दिली होती आणि त्यानंतर एकही देणे थकविले नव्हते. तो चिडला नाही, भांडला नाही. फक्त माल घ्यायला येईनासा झाला. पंधरा दिवसांनी थोरल्या भावाला कारण कळले. तो पुतण्याला बरोबर घेऊन त्या माणसाच्या दुकानी गेला. मुलाने हात जोडून सांगितले, “काका, मला माहीत नव्हतं, असं जाईल म्हणून.” त्यावर तो माणूस म्हणाला, “तुझा दोष नाही रे बाळा. पैसे मी तेव्हाच फेडले. नाव मात्र तुमच्याकडे तसंच राहिलं, एवढंच कळलं.” थोरल्या भावाजवळ या बोलण्याला उत्तर नव्हते. परत येताना त्याने मुलाला एक शब्दही बोलून दाखविला नाही. दुकानी पोहोचल्यावर मात्र दोघांनी बसून संपर्कयादीतील एकेक खूण पुसली. त्या गिऱ्हाइकाने दिवाळीपूर्वी पुन्हा माल नेला. पण पूर्वी तो महिन्याच्या उधारीवर घेई, आता रोखीने घेतो.

या प्रसंगात मुलाची चूक सर्वांत लहान आहे. खेळाने मागितले आणि त्याने दिले. परंतु ती यादी त्याची नव्हती, पेढीचीही पुरती नव्हती. ज्याचा क्रमांक, ज्याचे नाव, ज्याची अडचण, त्याची ती ठेव होती. पेढी फक्त ती सांभाळत होती. शिवाय फिटलेल्या देण्याची खूण तीन वर्षे जागेवर राहिली, ही थोरांचीच बेफिकिरी. खतावणीत जमा-नावे बरोबर झाले की खाते सरळ होते. मोबाईलमधील खुणांचे खाते मात्र कोणी कधी सरळ करीत नाही.

बँकव्यवहारात हा विषय जुना आहे. १९२४ मध्ये नोंदल्या गेलेल्या टूर्नियर खटल्याचा उल्लेख बँकिंगच्या पुस्तकांतून आजही येतो. एका इंग्लिश बँकेच्या शाखा-व्यवस्थापकाने, हप्ते थकविलेल्या खातेदाराचा पत्ता मिळविण्यासाठी त्याच्या मालकांना दूरध्वनी केला आणि बोलण्याच्या ओघात थकबाकी व सट्ट्याचा संशय दोन्ही सांगून टाकले. त्या खातेदाराची नोकरी गेली. ग्राहकाची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे अपील न्यायालयाने त्या खटल्यात सांगितले आणि कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित व ग्राहकाची संमती असे चारच अपवाद मानले. आपल्याकडेही १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याने निष्ठा आणि गुप्तता यांचे बंधन घातलेले आहे. बँकेचा शिपाईसुद्धा जे बंधन पाळतो, ते घरातील मोबाईल हाताळणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

कायदा आता काही प्रमाणात मदतीला आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि ग्राहकाने होकारही दिला, तरी त्या सेवेसाठी यादीची आवश्यकता नसल्याने तो होकार त्या यादीपुरता लागू मानला जाणार नाही. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, असेही हा कायदा म्हणतो.

तथापि एक मर्यादा लक्षात ठेवावी. एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळते, तिला हा कायदा लागू नाही. कंपनीने काय करावे हे कायदा सांगेल. पुतण्याने काकांचा फोन कसा वापरावा हे सांगणार नाही. ते घरानेच सांगावयाचे आहे.

त्यासाठी फार शिकावे लागत नाही. दुकानाच्या फोनवर खेळ नसावा, हा पहिला नियम. मुलांच्या फोनवर खेळ घेताना शक्य तेथे ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश करावा. प्रगती जपायचीच असेल तर केवळ खेळांसाठी वेगळे ईमेल खाते ठेवावे. घरच्यांना बोलवायचे तर खोलीचा संकेतांक आपल्या हाताने, ज्याला हवा त्यालाच पाठवावा. संपर्कयादीची परवानगी फोनच्या सेटिंग्जमधून केव्हाही काढून घेता येते. अँड्रॉइडवर २०१५ पासून आणि आयफोनवर २०१२ पासून ही परवानगी ॲपला स्वतंत्रपणे मागावी लागते. म्हणजे नाही म्हणण्याची संधी प्रत्येकाला मिळतेच. कोणकोणते खेळ जोडलेले आहेत, हे फेसबुक आणि गूगल या दोन्ही खात्यांच्या सेटिंग्जमध्ये दिसते. नको असलेले तेथूनच तोडता येतात. मात्र जोडणी तोडल्याने पुढचे देणे थांबते, मागे गेलेले परत येत नाही. ते पुसण्याची मागणी खेळाच्या कंपनीकडे वेगळी करावी लागते.

दिवाळीला नव्या वह्या मांडताना जुनी बाकी तपासण्याची रीत व्यापारी घरांत आहेच. त्याच दिवशी अर्धा तास काढून मुलांना शेजारी बसवावे आणि घरातील प्रत्येक फोन उघडावा. काय जोडले आहे, कोणाला परवानगी आहे, कोणाच्या नावापुढे कोणती जुनी खूण राहिली आहे, हे एकत्र पाहावे. त्या वेळी मुलांना रागे भरू नये, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाहीत. आणि चूक उशिरा कळली तर तिचे व्याज वाढते. मुले यंत्र अधिक जाणतात, थोरांना माणसांची पारख अधिक असते. या कामाला दोन्ही लागतात. ज्यांचे क्रमांक फोनमध्ये आहेत, त्यांनी ते एका विश्वासाने दिलेले असतात. ते पुढे कोणाला देण्यापूर्वी, जुना परिचयदाता थांबत असे तितके तरी थांबावे.