मामंजींच्या कॅमेऱ्याची पिशवी



दिवाळीआधी माळा आवरताना मांजरपाटाची एक पिशवी सापडली. तोंडाला नाडी, आतून मऊ अस्तर. मी लग्न होऊन अकोटला आले तेव्हा ही पिशवी मामंजींच्या खांद्याला असायची आणि तिच्यात त्यांचा याशिका इलेक्ट्रो ३५. कॅमेऱ्याबरोबर चामड्याचं कव्हर आलं होतं. "कातडं मले घरात नको," म्हणून सासूबाईंनी ते पहिल्याच दिवशी काढून टाकलं आणि मशीनवर ही पिशवी शिवली. कॅमेरा पुढे कोणीतरी मागून नेला, तो परत आलाच नाही. पिशवी राहिली.

रिकामी पिशवी परत माळ्यावर टाकवेना. तसाच कॅमेरा मिळतो का पाहू म्हटलं. साठी उलटल्यावरचा हट्ट म्हणा.

या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. खिडकीतून पाहिलं की मधल्या पिवळसर चौकोनात वस्तू एकाच्या दोन दिसतात. भिंगाभोवतीची कडी फिरवत दोन्ही एकावर एक आणायच्या, मग फोटो स्वच्छ येतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी हे जमलं; सुईत दोरा ओवण्यापेक्षा सोपं. यातला लायका म्हणजे लाखांच्या घरातली गोष्ट. पण याशिका, कॅनोनेट, मिनोल्टा हाय-मॅटिक, सोव्हिएत संघाचे झोर्की आणि फेड हे भरपूर बनले, म्हणून आजही त्या मानाने स्वस्त मिळतात. इलेक्ट्रो ३५ जपानात १९६६ साली निघाला. मला तो अकोल्याला बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या कपाटात मिळाला, अठराशे रुपयांना.

घ्यायचा असेल तर मैत्रिणींनो, नुसता चकचकीतपणा पाहू नका. लिव्हर ओढताना आत 'ठक' असा आवाज यायला हवा. तो नसला तर आतला रबराचा तुकडा झिजला असं समजावं. मागचं झाकण उघडून भिंगातून उजेडाकडे पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. किनाऱ्याकडच्या दमट हवेत ती फार धरते, आपल्या वऱ्हाडच्या कोरड्या हवेत कमी. (बुरशीतल्या अनंत जीवांच्या धास्तीने आपण पावसाळ्यात पापडाचा डबासुद्धा जपतो, भिंगाचं काय करणार?) झाकणाच्या खाचेतला फोम मात्र वर्षांनुवर्षांच्या उन्हाळ्यांनी डांबरासारखा चिकट झाला होता. तो काडीने खरवडून मी काळी लोकर चिकटवली. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. चार बटन सेल एकावर एक ठेवून उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवली, की काम होतं. अंगावरचं काळं आवरण चामड्याचं नाही ना, तेही पाहून घेतलं. नाही, कृत्रिम आहे.

पहिल्या रोलचे सात फोटो काळे आले. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, बाजूच्या खिडकीतून पाहतो; त्यामुळे भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी कळत नाही! बाकीचे सुंदर आले. अंगणात वाळत घातलेली तुरीची डाळ, ओट्यावर पेपर वाचणारे हे. रोल ७५० रुपये, धुणं आणि स्कॅन ४५०, मुंबईला जाण्यायेण्याचं कुरिअर १२०. छत्तीस फोटोंना १३२०, म्हणजे एका फोटोला ३६ रुपये ६७ पैसे. बी.कॉम.ची सवय, जमाखर्च सुटत नाही.

खर्चाची दुसरी बाजू नंतर कळली. फिल्म कशी बनते ते वाचत होते. प्रकाश टिपणारे चांदीच्या क्षारांचे कण ज्या थरात बसवलेले असतात तो थर जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला पदार्थ. कोडॅकमधल्या सॅम्युएल शेपर्ड या शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास असंही शोधलं, की काही जिलेटिन प्रकाशाला जास्त जागं असतं, कारण त्यात गंधकाची संयुगं असतात आणि ती त्या जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून आलेली असतात. म्हणजे गाईने काय चारा खाल्ला, तेसुद्धा फोटोत उतरतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं.

खाण्याच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका पाहतो. सासूबाई तर कॅप्सूल फोडून आतली पूड तेवढी मधाऐवजी साखरेच्या पाण्यातून घ्यायच्या. आणि त्यांनी शिवलेल्या या पिशवीतून मुक्तागिरीच्या पायऱ्यांवरून जिलेटिन वर जात होतं. चामड्याचा पट्टा खाली काढून ठेवायचा, रोलला कोण विचारणार?

ह्यांना सांगितलं तर हे भिंतीकडे पाहत म्हणाले, "मग आईचा तो फोटो?" सासूबाईंचा तो एकच चांगला फोटो आहे, १९८४ चा, मुक्तागिरीचा धबधबा मागे आणि डोक्यावर पदर. "आणि आईचा एक्स-रे काढला होता, तीसुद्धा फिल्मच," असंही म्हणाले. बरोबर आहे. पण एक्स-रे गरजेचा होता आणि तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. माझा हा छंद. स्वयंपाकातली आरंभी हिंसा गृहिणीला टळत नाही, ही टळते. कृत, कारित, अनुमोदना यातलं 'मी केलं नाही' एवढंच मला म्हणता येतं. पैसे मोजून रोल मागवला ते कुठल्या खात्यात लिहू?

दशलक्षण पर्वात नियम घेतला, नवा रोल विकत आणायचा नाही. कॅमेरा फेकला नाही, पिशवीत आहे. आत एक रोल अर्धवट आहे, काउंटर पंचविसावर, अकरा फोटो बाकी. कार्तिकात मुक्तागिरीला जायचं ठरलं आहे. सासूबाई उभ्या होत्या त्याच जागी माझा एक फोटो काढायचं ह्यांच्या मनात आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.