थंडी, आंघोळीचं पाणी आणि विजेचं बिल

कर्नाटकातल्या तलकाडला थंडी पडते असं सांगितलं की सांगलीची माझी बहीण हसते. पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच उतरतो हे खरं आहे. पण कावेरीकाठी, वाळूच्या टेकड्यांना लागून राहिलं की डिसेंबर-जानेवारीतली पहाट निराळीच असते. दिवसभर तापलेली वाळू ऊन उतरलं की भराभर गार होते, नदीवरून धुकं चढतं आणि घरातली रेडऑक्साइडची लाल जमीन तळपायाला झोंबते. सासूबाईंचे गुडघे तर दिवाळी सरली की कुरकुरायला लागतात.

पुण्याचे भाऊजी म्हणाले, आईसाठी खोलीत ठेवायचा हीटर पाठवतो. आमचे हे इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. एक किलोवॉटचा हीटर तासाला एक युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला २४० युनिटं. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टपासून गृहज्योती योजनेत घरगुती वीज माफ आहे, पण आदल्या वर्षीच्या सरासरीत थोडी भर घालून जेवढी युनिटं येतात तेवढीच. आणि २०० च्या वर गेलं की सगळंच बिल आपल्या माथी. म्हणजे एकट्या हीटरने घराची सवलत गेली असती. शिवाय आमचं घर जुनं, कौलारू. कौलांच्या फटींतून ऊब निघून जाणार आणि आम्ही आभाळ तापवत बसणार.

मग खोलीचा नाद सोडून माणसाकडे पाहिलं. सासूबाई जमिनीवर गादी टाकून झोपतात. अंगावर दोन गोधड्या असूनही त्यांना हुडहुडी भरायची, कारण गारठा खालून येत होता. गादीचा कापूस दबून पार पोळी झाली होती. गादी दोन-तीन दुपारी कडक उन्हात टाकली, काठीने झोडपली, तसा कापूस फुलला. गादीखाली काथ्याची चटई आणि घोंगडी घातली, जुन्या नऊवारीची एक गोधडी वरून काढून गादीवर अंथरली. झोपताना पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, फडक्यात गुंडाळून, नाहीतर म्हाताऱ्या कातडीला चटका बसतो. त्या दीड लिटर पाण्याला एका युनिटाचा जेमतेम आठवा भाग लागतो. आता पहाटे मलाच त्यांना हाक मारून उठवावं लागतं.

खरा खर्च होता न्हाणीत. इकडे थंडीच्या दिवसांत घर कुणी तापवत नाही, तापवतात ते पाणी. बिल फुगतं ते गीझरने.

यांनी शाळेतल्या प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला आणि आम्ही पहाटे पाणी मोजलं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास. नंतर बोअर सुरू करून पाइपच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, तर २५! हाताला ते चक्क कोमट लागत होतं, बादलीतून वाफा निघत होत्या. जमिनीच्या पोटातलं पाणी बारा महिने जवळपास सारखंच असतं, गार होतं ते रात्रभर गच्चीवर उघड्या हवेत उभं राहून. वीस लिटरची बादली चाळीस अंशांपर्यंत न्यायची तर टाकीच्या पाण्याला अर्धं युनिट लागतं, बोअरच्या ताज्या पाण्याला साधारण एकतृतीयांश. चार माणसांच्या रोजच्या आंघोळीत हा फरक चांगलाच जाणवतो, आणि त्यासाठी विकत काही आणायचं नाही. टाकी आम्ही संध्याकाळी भरायचो. आता रात्री तिला तळाशी जाऊ देतो आणि पहाटे उठल्यावर भरतो, एवढंच.

गीझरचा काटा साठवरून पंचेचाळीसवर आणला. इतकं कढत पाणी करून विसण घालायचं कशाला? बटण वीस मिनिटं आधी दाबायचं आणि आंघोळी पाठोपाठ उरकायच्या. एक सकाळी, एक दहाला, एक दुपारी असं झालं की मधल्या वेळात गीझरच्या टाकीतली ऊब फुकट जाते.

आमच्या घरमालकांच्या आई, अज्जी, मागच्या परड्यात राहतात. त्यांच्याकडे गीझर नाही, चुलाणात बसवलेला तांब्याचा हंडा आहे. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण, असतो तेव्हा, त्या तो चिंचेने लखलखीत घासतात, हळदीकुंकू लावून पाण्याने भरतात. जळण म्हणजे नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या. सगळं परड्यातलंच. माझा हिशेब ऐकून त्या म्हणाल्या, "माझ्या पाण्याला एक पैसा पडत नाही गं." पैसा पडत नव्हता, पण सोडणांचा ढीग जानेवारीतच संपायचा आणि न्हाणी धुराने काळीकुट्ट. अज्जींचे डोळे सारखे पाणावलेले, खोकला वेगळाच. ही फुकटाई मला बघवेना.

माहेरी आमच्याकडे बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी, त्यातून वारा वर खेचला जायचा. मूठभर ढलप्यांत बंब तापे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांनी खेड्यांसाठी 'अस्त्र' हा विभाग काढला आणि तिथे 'अस्त्र ओले' ही कमी जळणाची चूल तयार झाली. तिचंही मर्म हेच: विस्तव बंदिस्त, खालून हवा आणि धुराला वर जायला धुराडं. तीन बाजूंनी उघड्या चुलाणात बहुतेक आच हंड्याला न लागता बाहेर निघून जाते.

गवंडी बोलावून अज्जींच्या चुलाणाचं तोंड वितभर ठेवलं, तळाला लोखंडी जाळी बसवली, हंड्याच्या मागून सिमेंटचा पाइप कौलांवर काढला. हंड्याभोवतीची फट मातीने लिंपून घेतली, फक्त आच फिरायला दोन बोटं जागा ठेवली. पहिल्या दिवशी पाइप गार होता तोवर धूर थोडा आत आला. मग ओढ धरली आणि सोडणं भरभर न पेटता निवांत जळू लागली. यंदा शिवरात्र आली तरी ढीग शिल्लक होता. अज्जींचा खोकला पुरता गेलेला नाही, इतक्या वर्षांचा धूर आहे तो, पण सकाळी डोळे पुसत त्या बाहेर येत नाहीत.

छपरावर सोलर बसवावं असं आमच्या मनात आहे. मालक विचार करतो म्हणाले आहेत. नोव्हेंबरात इथे परतीच्या पावसाचं आभाळ असतं, त्या दिवसांत हंडा लागेलच. गवंड्याला मात्र पलीकडच्या गल्लीतून दोन ठिकाणी बोलावणं आलंय, चुलाणाचं माप घ्यायला तो परवाच अज्जींकडे येऊन गेला.