ताईचा स्कर्ट आणि जुना उपग्रह

आमच्या घरी नवा युनिफॉर्म फक्त ताईला मिळायचा. मला मिळायचा तिचा जुना. माझी उंची वाढली की आई निळ्या स्कर्टची दुमड उसवायची. मग आत राहिलेला कापडाचा पट्टा गडद निळा आणि वरचा सगळा स्कर्ट विटलेला! तो पट्टा झाकायला मी वर्गात दप्तर मांडीवर घेऊन बसत असे. आठवीत असताना यावरून आईशी मी चांगलंच भांडले होते. ते वर्ष १९९९.

मित्रांनो, नेमका त्याच वर्षी हिंदी महासागरावर असाच एक 'जुना' पाहुणा येऊन राहिला होता. मला त्याचा पत्ता लागला तो कितीतरी वर्षांनी, कॉलेजात गेल्यावर.

त्याचं नाव मेटिओसॅट-५. हा युरोपचा हवामान उपग्रह. मार्च १९९१ मध्ये तो अवकाशात गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर राहून तो पृथ्वीच्याच वेगाने फिरायचा, त्यामुळे एकाच जागी टांगल्यासारखा वाटायचा. शिवाय स्वतःभोवतीही भोवऱ्यासारखा गरगरायचा, मिनिटाला १०० वेळा! प्रत्येक गिरकीत पृथ्वीची एक बारीक पट्टी टिपायची, अशा पट्ट्या जोडत जायचं, की अर्ध्या तासाला एक चित्र तयार.

पुढे युरोपवर लक्ष ठेवायला त्याचे धाकटे भाऊ आले. मग याचं काय करायचं? १९९८ मध्ये त्याला पूर्वेकडे, ६३ अंश पूर्व रेखांशावर सरकवलं. हे कसं करतात ठाऊक आहे? गोल मैदानात धावताना आतल्या बाजूने धावणारा हळूहळू पुढे निघतो ना, तसंच. उपग्रह जरासा खाली आणला, की त्याची फेरी थोडी लवकर पुरी होते आणि तो पूर्वेला सरकू लागतो. हव्या त्या जागी आला, की पुन्हा मूळ उंचीवर न्यायचा. याला इंधन फार लागत नाही. खरं इंधन खातं ते उत्तर-दक्षिण डोलणं थांबवणं. त्या डोलण्याकडे शास्त्रज्ञांनी काणाडोळा केला आणि चित्रं जमिनीवर दुरुस्त करून घेतली. आईने स्कर्टला टाके घालावेत, तशी!

त्याला इकडे बोलावलं ते 'इंडोएक्स' नावाच्या प्रयोगासाठी. वीरभद्रन रामनाथन आणि नोबेल विजेते पॉल क्रुट्झेन या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये तो झाला. मालदीव बेटांवरून विमानं उडाली, समुद्रात आपली 'सागरकन्या' फिरली, अमेरिकेचंही जहाज आलं. मेटिओसॅट-५ वरून ढग कुठे आहेत, कसे सरकताहेत हे दर अर्ध्या तासाला कळायचं. ढग सरकले त्यावरून वाराही कळायचा.

आणि सापडलं काय? तपकिरी धुरकट हवेचा प्रचंड थर! हिवाळ्यात आपल्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि धुऊन काढायला पाऊस नसतो. त्यामुळे गाड्यांचा, कारखान्यांचा, कोळशाचा, लाकडं-गोवऱ्यांचा धूर दूरवर समुद्रावर जाऊन साचतो. त्यातली काजळी ऊन शोषून घेते. हवा तापते आणि खाली समुद्राला ऊन कमी मिळतं.

हे वाचलं आणि मला आमची टेकडी आठवली. आमचं गाव कोकणात, समुद्राकाठी. पावसाळा संपला की टेकडीवरून क्षितिजाची रेघ कशी लख्ख दिसायची! फेब्रुवारीत मात्र ती पुसट व्हायची, आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळेना. आम्ही म्हणायचो, धुकं आहे. खाली गावात भाजावळी चालू असायच्या. घरात आई चुलीपुढे बसून सोडणं पेटवायची, फुंकणी फुंकायची. आणि खोकायची. तो खोकला आम्हाला इतका सवयीचा होता, की ती अंगणात आहे की परसात, हे आम्ही त्यावरून ओळखायचो! डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितलं, तेव्हा कुठे गॅस आला. खोकला काही गेला नाही.

एका सुट्टीत मी आईला ही सगळी गोष्ट सांगितली. तिने सरळ विचारलं, "म्हणजे माझ्या चुलीचा धूर त्याला दिसला?"

मी म्हटलं, "एक चूल नाही गं दिसत. त्याला अडीच किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसायचंच नाही. पण लाखो चुलींचा मिळून..."

"तेच म्हणते मी. एकटीचा दिसला असता तर कुणी घरात नसतं का आलं बघायला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मीच पुढचं सांगत सुटले. प्रयोग संपला तरी तो पाहुणा परत गेला नाही. चक्रीवादळं, मान्सूनचे ढग पाहत २००७ पर्यंत इथेच राहिला. त्याच्या जागी मेटिओसॅट-७ आला, तोही युरोपात वापरून झालेला. मग ८. मग २०२२ मध्ये ९.

"सगळे जुनेच?" आईने विचारलं.

"सगळे."

"आणि तो पहिला? पडला का?"

"नाही. उरलेल्या इंधनावर त्याला आणखी वर नेला. दुसऱ्यांच्या वाटेत नको म्हणून. तिथेच फिरतोय, बंद होऊन."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग खोकत उठली, आणि कपाटातून माझा तो निळा स्कर्ट काढून आणला. तिने त्याची पिशवी शिवली होती. गडद पट्टा बरोबर मधोमध.