मुलांच्या लघवीतले मीठ

खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडते. पोटॅशियमचे प्रमाण त्याहून कमी, कारण त्याचा काही भाग शौचावाटे जातो. म्हणून मुलाच्या खाण्यातले मीठ शोधताना आईला विचारण्यापेक्षा २४ तासांची लघवी गोळा करणे भरवशाचे. पाव, वेफर्स आणि फरसाणातले मीठ तिच्या हिशेबात येतच नाही.

काम अडते ते तपासणीच्या यंत्रापाशी नव्हे, लघवी गोळा करायच्या डब्यापाशी. सकाळची पहिली लघवी टाकून वेळ टिपायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून थांबायचे, हे मोठ्यांनाही जड जाते. मूल शाळेत जाते, डबा न्यायला लाजते, रात्री अंथरूण ओले करते. एक खेप हुकली की सोडियम कमी भरते आणि मूल कमी मीठ खाते असा समज होतो. चूक अशी बहुधा दिलासा देणाऱ्या बाजूला झुकते.

त्यातून सुटका म्हणून एका वेळच्या नमुन्यावरून दिवसाचा अंदाज बांधणारी सूत्रे आली. कावासाकी (१९९३) आणि तनाका (२००२) ही दोन्ही सूत्रे जपानी प्रौढांवर बेतलेली. नमुन्यातल्या सोडियमला क्रिएटिनिनने भागायचे आणि दिवसभराच्या अपेक्षित क्रिएटिनिनने गुणायचे. गोची इथेच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, आणि वाढत्या मुलाचे स्नायू वर्षागणिक बदलतात. कुपोषित मुलाचे क्रिएटिनिन मुळात कमी. वयावरून अपेक्षा धरली तर त्याचे मीठ फुगून दिसते. शिवाय तनाका सूत्रात त्या गुणाकाराचा ०.३९२ वा घात घेतात. त्यामुळे टोके मध्याकडे ओढली जातात: कमी खाणाऱ्याचा आकडा वाढतो, जास्त खाणाऱ्याचा घटतो. गटाची सरासरी मात्र अनेकदा देखणी येते, आणि तिच्यावर भाळून सूत्र मुलांनाही चालते असे लिहिले जाते.

पोटॅशियमचे दुखणे निराळे. त्याचे उत्सर्जन दुपारकडे चढते आणि रात्री उतरते. सकाळचा एक नमुना ही लय पकडू शकत नाही. नारळपाणी किंवा केळे नेमके केव्हा पोटात गेले, यानेही आकडा हलतो.

पूर्ण २४ तासांचा नमुनासुद्धा एकाच दिवसाचा असतो, आणि मूल रोज सारखे खात नाही. म्हणून स्थानिक मुलांच्या पूर्ण नमुन्यांशी ताडून पाहिलेले सूत्रही गटाच्या सरासरीपुरतेच वापरावे. एकट्या मुलाच्या अहवालात त्याचा आकडा देऊ नये.