कणीच्या शेवया

ग्लूटेनमुक्त पास्त्याच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचली, की बहुधा तांदळाचं पीठ निघतं, मक्याचं निघतं आणि ते धरून ठेवायला एखादा डिंक. बोईसर-पालघरच्या दुकानातून साध्या पास्त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून तो पुडा मासवणला न्यायचा, म्हणजे सूर्या नदीच्या काठी, भाताच्या खाचरांमधून, तांदूळच विकत न्यायचा. सीलिएकच्या रुग्णाला गहू आणि जव वर्ज्य. त्यातल्या ग्लूटेनने त्याच्या आतड्याचं अस्तर झिजतं. तांदूळ, नागली, वरी यांत ग्लूटेन मुळातच नसतं. मग एवढे पैसे जातात कुठे? त्यातले काही जातात ते ग्लूटेनशिवाय पीठ एकसंध ठेवण्याच्या खटपटीला.

ही खटपट कोकणातल्या स्वयंपाकघराने फार पूर्वीच निभावली आहे. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करताना पाण्यात मीठ आणि थोडं तेल घालून उकळी आणतात, तांदळाचं पीठ घालून उकड काढतात, ती मळून मुटके करतात, ते पुन्हा उकळत्या पाण्यात शिजवतात आणि गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबतात. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि शेवई तुटत नाही. कारखान्यातही पीठ आधी शिजवून घेण्याची हीच युक्ती वापरतात. पिठाला तांदूळ अख्खा लागत नाही. भातगिरणीतली स्वस्त कणी पुरते, आणि नव्या तांदळाची असेल तर उकड अधिक चांगली जुळते. गूळ-वेलचीचा नारळाचा रस ही शिरवाळ्यांची मूळची जोड, आणि माझ्या मते तीच सर्वांत सुंदर. पण टोमॅटो-लसणीचा दाट रस्सा, भाजलेल्या वांग्याचा गर किंवा सातपाटीकडच्या किनाऱ्यावरचा सुका जवळा कांद्यावर परतून, हेही त्यांना छान लागतं. कोणी म्हणेल, पास्त्याचा चावा यात नाही. खरं आहे. ज्या मुलाला वर्गमित्रांसारखाच पास्ता हवा, त्याच्यासाठी पुडा आणावा. मात्र पास्त्यात निम्म्या भाज्या घालाव्यात आणि तो गरम असतानाच वाढावा, कारण तांदळाचा पास्ता निवला की कडक होतो.

याहून गंभीर आक्षेप शुद्धतेचा आहे. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाही. पुड्याच्या किमतीत ही हमीही असते, आणि तेवढी किंमत रास्त आहे. गावच्या चक्कीत आधी गहू दळला असेल, तर तांदळाच्या पिठात तो उतरतोच. म्हणून रुग्णासाठी कणी निवडून, धुऊन, सावलीत वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळावी आणि चाळणीही वेगळी ठेवावी. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, सोया सॉसमध्ये बहुतेकदा गहू असतो. फोडणी आणि रस्सा करताना हेही पाहावं.

मग सगळ्यांनीच गहू सोडावा का? मला ते पटत नाही. ज्याला आजार नाही, त्याने या पुड्यावर एक रुपयाही खर्च करू नये. आणि ज्याला संशय आहे, त्याने तपासणी होईपर्यंत गहू खात राहावं. आधीच बंद केला, तर आजार असूनही रक्ताच्या अहवालात तो दिसत नाही, असं होऊ शकतं.